नावडतीचें मीठ

(उत्पत्ति, अध्याय २९ व ३०)

नावडतीचें मीठ अळणी ही म्हण आपल्या गांवांत लहान मुलांसही पाठ असते. मीठ तेंच असतें; परंतु खाणाऱ्याचें मन दुसरीकडे असलें म्हणजे त्यास चव लागत नाहीं. याकोबाच्या घरांत लेआ अशी नावडती होती. तिच्या बापानें तिला कपटानें त्याच्या गळ्यांत बांधिलें. सकाळ झाली तेव्हां नवऱ्यानें तिचें तोंड पाहिलें आणि तो सासऱ्याशीं भांडावयास गेला. त्या वेळीं एकटी बसलेली लेआ काय करीत होती हें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. परंतु आमच्या वाचकभगिनींपैकीं पुष्कळींस तें सांगावयास नको.

पुढें तिला मुलें झालीं, व त्यांचीं नांवें तिनें ठेविलीं. तीं नांवें नीट पाहावीं. देवानें आपलें दुःख पाहिलें, आतां नवरा प्रीति करील, ह्या आशेनें तिनें पहिल्याचें नांव रऊबेन ठेविलें. शिमोन ह्या नांवांत ऐकण्याचा अर्थ आहे, लेवी ह्यांत जडण्याचा. ती दारांत उभी राहून मुलांस जेवावयास हांक मारीत असेल, तेव्हां ती हांक अर्धी मुलांस असेल व अर्धी त्यांच्या बापास. तीन पुत्र झाले, तरी बापाचें मन वळलें नाहीं. चौथ्या वेळीं तिनें नवऱ्याची गोष्टच काढिली नाहीं. देवाची स्तुति केली, व मुलाचें नांव यहूदा ठेविलें.

येथें आम्ही उपदेश करणारे बहुधा पुस्तक मिटतों. लेआ मनुष्याची आशा सोडून देवाकडे वळली, तिला शांति मिळाली, आतां गीत गाऊं! आम्हींही ह्या वचनांवर अनेक वेळां असाच उपदेश केला आहे, आणि आतां त्याची लाज वाटते. कारण पान उलटलें कीं तीच लेआ पुत्रदात्रीचीं फळें देऊन नवऱ्याची एक रात्र बहिणीपासून विकत घेते. सहावा मुलगा जबुलून झाला, तेव्हां ती पुनः हिशेब करिते, कीं इतके पुत्र दिल्यावर तरी नवरा आपल्यापाशीं राहील. तिची स्तुति खरी होती. तिची तहानही खरी होती. एकीनें दुसरी मेली नाहीं. आणि देवानें तिला त्याबद्दल दटाविलें असें कोठेंही लिहिलेलें नाहीं. ती नावडती आहे हें प्रथम त्यानेंच पाहिलें.

कोणी आपल्यावर प्रीति करावी, कोणी आपली विचारपूस करावी, ही इच्छाच पाप आहे असें जो शिकवितो त्यानें गेथशेमाने बागेंत जावें. आपल्या प्रभूनें त्या रात्रीं मित्रांपाशीं द्रव्य मागितलें नाहीं कीं शस्त्र मागितलें नाहीं. आपल्याबरोबर जागे राहावें एवढेंच मागितलें. ते निजले.

आतां आमची स्वतःची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. बाबा पदमनजी ह्यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी असें तिला पुष्कळ लोक म्हणतात. तींत यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करिते, आणि ठिकठिकाणीं विधवांचीं दुःखें पाहते व ऐकते. एका शनिवारीं रात्रीं आम्ही कंदिलापाशीं तें पुस्तक वाचीत होतों, आणि आमच्या डोळ्यांस पाणी आलें. इतक्यांत मंडळींतील एक म्हातारी विधवा दाराशीं आली. तिचा गुडघा दुखे, व दर रविवारीं उपासना संपल्यावर ती त्याचीच कथा लावी. पाळकसाहेब उद्यांच्या उपदेशाची तयारी करीत आहेत, असें आम्हीं मुलाकडून बाहेर सांगविलें. ती काठी टेकीत परत गेली. आम्हीं डोळे पुसले व पुढचें पान उलटिलें.

गोष्टींतल्या विधवेसाठीं रडणें सोपें आहे. तिच्या गुडघ्यास मलम चोळावें लागत नाहीं, एकच गोष्ट ती दहा वेळां सांगत नाहीं, आणि पुस्तक मिटलें कीं ती गप्प बसते. पुस्तकास दोष देऊं नये. पदमनजींनीं तें लिहिलें तें आम्हीं दार लावून रडावें म्हणून खास नव्हे. शिवाय आमचें रडणेंही निर्मळ नव्हतें. बरेच दिवस आमच्या उपदेशाविषयीं कोणीं एक बरा शब्द काढिला नव्हता. त्या विधवांच्या निमित्तानें आम्ही आपल्यासाठींही थोडें रडून घेत होतों. उपदेशकबंधूंनो, उन्हांतून दोन कोस चालत जावें, ऐकावयास चारच माणसें यावीं, आणि त्यांतलीं दोन पेंगावीं, म्हणजे मन कसें होतें हें आम्हांस ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशीं ती म्हातारी उपासनेस आली, पण गुडघ्याविषयीं एक शब्द बोलली नाहीं. तें मनास लागलें. सोमवारीं तिच्या घरीं जाऊन ओट्यावर बसलों. गुडघा कसा आहे म्हणून विचारिलें, तर म्हणाली, "हाय तसाच हाय, साहेब." मग बऱ्याच वेळानें आम्हीं तिला तिचें नांव विचारिलें. मंडळीच्या वहींत तिच्या मुलाचें नांव व त्यापुढें 'आई' एवढेंच होतें. ती वही आमच्याच हातची. तिनें तोंडाला पदर लाविला आणि म्हणाली, आपली आई मेल्यापासून तें नांव कोणीं घेतलें नाहीं. नांव सांगून झाल्यावर गुडघ्याची गोष्ट निघालीच नाहीं. आईची निघाली, माहेरच्या विहिरीची निघाली, एका मेलेल्या मुलीची निघाली. आम्ही उठलों तेव्हां तिन्हीसांज झाली होती.

याकोबानें लेआवर कधीं प्रीति केली कीं नाहीं हें शास्त्र सांगत नाहीं. एवढें सांगतें कीं राहेल प्रवासांत मेली व तिला वाटेवरच पुरलें. लेआस मात्र त्यानें मक्पेलाच्या गुहेंत आपल्या वडिलांपाशीं ठेविलें, आणि मरतेसमयीं आपणासही तेथेंच पुरावें अशी मुलांस आज्ञा केली. मत्तयाच्या पहिल्या अध्यायांत प्रभूच्या वंशावळींत याकोबामागून नांव येतें तें नावडतीच्या मुलाचें, यहूदाचें.

त्या म्हातारीचें नांव आम्हीं वहींत लिहिलें. पुढच्या रविवारीं तिनें आम्हांस देवळाच्या दारांतच गांठलें. गुडघा फार दुखत होता.