यादीतील जागा

माणसाची योग्यता कशावरून ठरवावी, हा प्रश्न निदान शाळामास्तराला तरी पडू नये, अशी लोकांची समजूत असते. त्याच्याजवळ उत्तरपत्रिका असतात, तांबडी शाई असते आणि वर्षाच्या शेवटी गुणांप्रमाणे लावलेली नावे असतात. मीही गेली वीस वर्षे हेच करीत आलो आहे. परंतु अमेरिकेत वाढलेला माझा एक भाचा तिकडे वैमानिक झाला आणि त्याने आपल्या नोकरीची हकीकत मला सांगितली. तेव्हापासून गुण आणि न्याय यांचे नाते आपण मानतो तितके सरळ आहे काय, या विचाराने माझी पाठ सोडलेली नाही.

हकीकत अशी की, तिकडच्या मोठ्या विमान कंपन्या नव्या वैमानिकांची तुकडी भरतात. तुकडी रुजू झाली की प्रत्येकाला ज्येष्ठतेचा क्रमांक मिळतो. कोणत्या शहराच्या तळावरून उडायचे, कोणते विमान चालवायचे, सहवैमानिकाचा कॅप्टन केव्हा व्हायचे, नाताळच्या रात्री घरी जेवायचे की परगावच्या हॉटेलात, हे बहुतांशी त्या क्रमांकावर ठरते. आधीच्या तुकडीतला शेवटचा माणूसदेखील पुढच्या तुकडीतल्या पहिल्याच्या वर! आणि एकाच तुकडीत? तेथे पुष्कळ कंपन्यांत वय पाहतात. जो थोरला, तो वरचा.

भाचा 26 वर्षांचा. विमानविद्येच्या शिक्षणात सदैव पहिल्या ओळीत असलेला. पण तुकडीत वयाने शेवटून दुसरा. तळ निवडण्याची पाळी त्याच्यापर्यंत आली तेव्हा घराजवळच्या शहरातल्या जागा केव्हाच संपल्या होत्या. पहिली निवड 52 वर्षांच्या एका गृहस्थाने केली होती.

"मामा, तुला विमान कसं चालवता येतं, हे मला कुणी विचारलंच नाही!" तो फोनवर म्हणाला.

त्याच्या तक्रारीत तथ्य नाही असे कोण म्हणेल? गुणवंताने मागे बसावे, ही गोष्ट कोणत्याही शिक्षकाच्या जिवाला लागणारी आहे. पण मग मी स्वतःलाच विचारले, वैमानिकाचे गुण मोजायचे कसे आणि मोजायचे कोणी? मुलाने शुद्धलेखनात केलेल्या चुका मला मोजता येतात. उत्तम वैमानिकाची करामत मात्र पुष्कळदा हीच असते, की काहीच घडत नाही. वादळ पाहून त्याने न केलेले उड्डाण कोणत्या वहीत मांडणार? कंपनीच्या वहीत ते नुकसानीच्याच खाती पडायचे. गुण देण्याचा अधिकार वरिष्ठाच्या हाती गेला, की "आज मी उडणार नाही" असे म्हणणाऱ्याचे गुण कमी होण्याची भीती आलीच.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै 1919 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेल्माँट पार्क येथून टपाल नेणाऱ्या वैमानिकांनी धुक्यात उडण्यास नकार दिला. त्यांपैकी दोघांना नोकरीवरून काढण्यात आले, तेव्हा बाकीच्यांनी संप केला. 1931 साली तिकडच्या वैमानिकांची संघटना स्थापन झाली आणि पुढे ज्येष्ठतेची यादी हा वैमानिकांच्या करारांचा कणा होऊन बसला. यादी आंधळी आहे, हे खरे. पण आंधळी असल्यामुळेच ती कोणाचे तोंड पाहत नाही. साहेबाने मेहेरबानीने न दिलेला क्रमांक साहेबाला रागाने काढूनही घेता येत नाही. आपण प्रवासी म्हणून निर्धास्त झोपतो, त्यात या आंधळेपणाचाही वाटा आहे.

तथापि, या ढालीची किंमत लहान नाही. क्रमांकाला मोल असते ते त्या एका घरातच. डिसेंबर 1991 मध्ये पॅन अ‍ॅमसारखी जगप्रसिद्ध कंपनी बंद पडली. तेथे उघड्यावर आलेल्या ज्या वैमानिकांना पुढे दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, त्यांना केस पिकल्यावर नव्या यादीच्या तळाशी बसावे लागले. डिसेंबर 2007 मध्ये तिथल्या कायद्याने निवृत्तीचे वय 60 वरून 65 केले. वरच्यांना पाच वर्षे मिळाली, आणि खालच्यांची चढण त्याच पाच वर्षांनी लांबली. यादीत वर सरकण्यासाठी पराक्रम करावा लागत नाही. वरच्याने जावे लागते. आमच्या शाळांतही मुलांची संख्या घटली की अतिरिक्त ठरण्याची पाळी आधी सेवेने कनिष्ठ असलेल्यावर येते. त्या वेळी वर असलेला शिक्षक सुटकेचा नि:श्वास टाकतो, पण समोरच्याच्या डोळ्यांना डोळा देत नाही.

मी मात्र एक साधे गणित मांडून पाहिले. त्या 52 वर्षांच्या गृहस्थाजवळ निवृत्तीपर्यंत 13 वर्षे आहेत. माझ्या भाच्याजवळ 39. ज्याच्याजवळ वेळ थोडा, त्याला आधी निवडू द्यावे, यात अन्याय आहे काय? मला वाटते, यादी योग्यता मोजतच नाही. ती फक्त कोणी किती थांबावे याची वाटणी करते. ती योग्यता मोजते असे मानले, की वरचा गर्विष्ठ होतो आणि खालचा कष्टी.

आपल्या घरी दिवाळीच्या फराळाला वडीलधारी पाटावर आधी बसतात. पण भुकेले पोर दिसले की आजी आपल्या ताटातली करंजी त्याच्या हातावर ठेवते. घरची ज्येष्ठता मायेने वाकते. छापील यादीला वाकता येत नाही. वाकायचे ते माणसाने. पुष्कळ कंपन्यांत वैमानिकांना आपसांत पाळ्या बदलून घेता येतात. लहान मुलांच्या बापाला नाताळची रात्र देणारा एखादा ज्येष्ठ यादीतली आपली जागा न सोडताही तिच्या वर उठतो.

भाच्याला मी एवढेच सांगितले, "बाबा, आज तू तळाशी आहेस, तेव्हा वरच्याचे कोणते वागणे मनाला लागते ते नीट लक्षात ठेव. तीस वर्षांनी तू वर असशील, तेव्हा ते तुला कोणी शिकवायला येणार नाही."