न झालेली ‘टक्’

वाई तालुक्यातली हळद सांगलीच्या बाजारात न्यायची तर सातारा, कराड ओलांडून जावं लागतं. या वाटेवर एखादी जुनी डिझेल पिकअप चहाला थांबली आणि पुन्हा सुरूच झाली नाही, असं समजा. सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही. मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो आणि ड्रायव्हरला सांगतो, “सेल मारू नका, नुसती चावी ऑन करा.” मग पंपाकडे कान देतो.

तो एका आवाजाची वाट बघत असतो. रोटरी पंपाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये पंपावर डिझेल अडवणारा सोलेनॉइड असतो. चावीचा करंट पोचला की आतला दट्ट्या मागे ओढला जातो, ‘टक्’ होते आणि डिझेलची वाट मोकळी होते. आज टक् झालीच नाही. एक तर करंट नाही, नाहीतर सोलेनॉइड गेलाय, हे मिस्त्रीला त्या क्षणी कळतं.

पण जे झालंच नाही, ते त्याला कळलं कशानं?

सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट यांनी यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचं साधन) मानलं. ‘इथे घडा नाही’ हे डोळ्यांनी दिसत नाही. घडा न आढळणं हेच त्या ज्ञानाचं साधन, असं त्यांच्या अनुयायांचं, भाट्ट मीमांसकांचं म्हणणं. न्यायदर्शनाच्या नैयायिकांना हे पटलं नाही. अभाव खरा आहे, पण तो इंद्रियांनीच कळतो, वेगळं प्रमाण कशाला? दुसरे मीमांसक प्रभाकर तर अभाव हा निराळा पदार्थच मानत नाहीत. हळदीची गाडी जिथून निघाली त्या वाईतच केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे ७ खंड सिद्ध केले. त्यांचेच शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी १९२३ मध्ये कलकत्त्याहून न्यायशास्त्रातली पदवी घेऊन ‘तर्कतीर्थ’ झाले. हा वाद सातारा जिल्ह्याला परका नाही.

मीमांसकांनी घातलेली एक अट मात्र प्रत्येक गॅरेजात लिहून ठेवावी अशी आहे. न आढळणं योग्य असलं पाहिजे: वस्तू असती तर ती नक्की आढळली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यातून काहीच ठरत नाही. तसंच हायवेवर ट्रेलर धडधडत जात असताना टक् ऐकू आली नाही, यातूनही काही ठरत नाही. घाईत ही अट सुटते आणि चांगला पंप खोलला जातो. मालाचा, मजुरीचा भुर्दंड गाडीवाल्याला बसतो.

दुसरी फसगत ‘आहे’ या शब्दाची. मीटर सोलेनॉइडच्या वायरवर १२ व्होल्ट दाखवतो आणि करंट आहे असं वाटतं. पण वायर आत सडलेली असली तरी भार नसताना व्होल्ट दिसतातच. बल्ब जोडला की तो मिणमिणतो. व्होल्ट दिसणं हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, निरोगी वायरीत सापडतो तसा सडक्या वायरीतही सापडतो. न्यायशास्त्रात अशा फसव्या हेतूला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. म्हणून जुने इलेक्ट्रिशियन मीटरपेक्षा बल्बवर विश्वास टाकतात आणि बॉडीची अर्थिंग आधी घासून घेतात. ते बरोबरच आहे.

खंडेनवमीला याच पिकअपला हार चढतो, पान्यांना हळदकुंकू लागतं. पूजा चुकली म्हणून गाडी बंद पडली, असं कोणी म्हणालं तर ते अनुमान टिकत नाही. पूजा झालेल्या गाड्याही बंद पडतात. पण ज्या हत्याराच्या आधाराने घर चालतं त्यापुढे हात जोडणं हे कारण शोधणं नव्हेच, त्यामुळे हेत्वाभासाचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच गॅरेजात सुखाने नांदतात.

गोंगाट थांबेना तेव्हा अनुभवी मिस्त्री सोलेनॉइडवर बोट ठेवतो आणि पुन्हा चावी ऑन करायला सांगतो. दट्ट्या हलला असता तर बोटाला धक्का बसला असता. बसत नाही. नैयायिक म्हणेल, बघा, त्वचेनेच अभाव सांगितला. भाट्ट म्हणेल, त्वचेला फक्त थंड लोखंड लागलं. मिस्त्री तोवर डॅशबोर्डखाली वाकून फ्यूज तपासायला लागलेला असतो.