टाकला, ठेवला, बसला

इंग्रजीच्या तासाला ‘गिव्ह अप’ येतं आणि पोरं अडतात. ‘गिव्ह’ म्हणजे दे, ‘अप’ म्हणजे वर. मग ‘सोडून देणं’ आलं कुठून? अडचण जुनी आहे. इंग्रजीतली ही जोडक्रियापदं परक्यांना सर्वांत जड जातात, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र १९२५मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रूढ झालं.

पण ‘सोडून देणं’ यातला ‘दे’ तरी काय देतो? कुणी राजीनामा ‘देऊन टाकला’, तर कटकट मिटली. ‘लिहून ठेवला’, तर वेळ आली की खिशातून निघेल. ‘देऊन बसला’, तर आता पस्तावतोय. शाळेच्या व्याकरणात यांना संयुक्त क्रियापद म्हणतात आणि मुख्य अर्थ पहिल्या धातूत शोधायला शिकवतात. खरा जीव मात्र दुसऱ्यात असतो.

सोलापुरात ही खोड एकट्या मराठीची नाही. इथल्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात वचनं लिहिली ती कन्नडात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू आहे. शेजारी दखनी उर्दू. आपण ‘करून टाक’ म्हणतो, तेलुगू माणूस ‘चेसेय्’ म्हणतो. त्यातही मुळात टाकण्याचाच धातू आहे. कन्नडातलं ‘माडिबिडु’ शब्दशः ‘करून सोड’, दखनीतलं ‘कर डाल’ही त्याच घरचं. ‘करून घे’साठी कन्नडात ‘माडिको’, तेलुगूत ‘चेसुको’. आपल्या ‘घेणे’सारखेच तिथले धातू स्वीकारणं आणि विकत घेणं, दोन्ही सांगतात. मराठी-दखनी एका कुळातल्या, कन्नड-तेलुगू दुसऱ्या. तरी वळण एक. भाषाशास्त्रज्ञ मरी एमनो यांनी १९५६मध्ये ‘भारत : एक भाषिक क्षेत्र’ अशी मांडणी केली आणि कॉलिन मसिका यांनी १९७६च्या ग्रंथात त्या क्षेत्राच्या खुणांमध्ये ही जोडक्रियापदंही तपासली. सोलापूरच्या बाजारात ती खूण रोज कानावर पडते.

इंग्रजी त्या जागी क्रियापद न ठेवता दिशा ठेवते. नुसतं ‘ईट’ म्हणजे खा. ‘ईट अप’ म्हणजे ताटात काही उरू देऊ नकोस. क्रिया कुठवर गेली, हे तिथला ‘अप’ किंवा ‘ऑफ’ पुष्कळदा सांगतो. आपलं दुसरं क्रियापद तेही सांगतं, आणि ती कुणासाठी झाली, करणाऱ्याला सुटल्यासारखं वाटलं की अडकल्यासारखं, हेही सांगतं. म्हणून ‘देऊन बसला’मधला पस्तावा इंग्रजीत न्यायचा तर वेगळं वाक्य लागतं. उलट ‘लुक डाउन ऑन’ एका नजरेच्या उतारात तुच्छता दाखवतं, तिथे आपल्याला ‘तुच्छ लेखणे’ असं सरळ नाव घ्यावं लागतं.

फ्रेजल व्हर्बच्या याद्या पाठ करून परीक्षा सुटते. भाषा यायला मात्र ती क्रियेकडे कुठून पाहते, ते हेरावं लागतं. आणि ते हेरायची सवय सोलापूरच्या पोराला चार भाषांच्या शेजारात आधीच लागलेली असते. त्याला फक्त कुणीतरी तसं सांगायला हवं.