बरं होण्याची शक्यता असलेल्यांचं काय?

ब्रिटनमध्ये आजारी माणसाला सरकारने भत्ता द्यावा, याबद्दल फारसं दुमत नाही. भांडण होतं ते ‘आजारी म्हणजे किती आजारी’ यावर. विशीतल्या मुलांची कुचंबणा नेमकी तिथे होते.

नोकरी करून राष्ट्रीय विम्याचे हप्ते भरलेले असतील, तर आजारपणात हक्काने भत्ता, असा जुना नियम. पण सतराव्या वर्षीच अंथरुणाला खिळलेल्या मुलीने हप्ते भरायचे कधी? म्हणून तिच्यासारख्यांना सूट होती. कॅमेरून सरकारने ती २०१२ साली रद्द केली. संसदेच्या वरच्या सभागृहात लॉर्ड्‌सनी विरोधात मतदान केलं. खालच्या सभागृहाने, म्हणजे कॉमन्सने, ते फिरवलं. बहुतेकांना उत्पन्न तपासून मिळणारा भत्ता आहेच की, असं मंत्र्यांचं म्हणणं. आहे, पण तो हक्काचा नव्हे, गरिबी सिद्ध केल्यावरचा.

अपंगत्वाच्या खर्चासाठी ‘पिप’ नावाचा वेगळा भत्ता आहे. त्रास तीन महिन्यांपासून असावा आणि पुढे नऊ महिने राहील असं दिसावं, ही त्याची अट. रक्ताचा कर्करोग एवढी सवड देत नाही. निदान होताच मुलगा वॉर्डात, आई बिनपगारी रजेवर, आणि प्रवासाचा खर्च पहिल्या दिवसापासून. भत्ता येतो तो वरातीमागून. त्यात भत्ता ठरवायला गुणांची पद्धत: कमरेखालचं अंग धुवायला मदत लागत असेल तर दोन गुण, खांद्यापासून कमरेपर्यंतचं धुवायला लागत असेल तर चार. हा भेद करणाऱ्याने कधी कुणाला आंघोळ घातली असेल, असं वाटत नाही. २०२५ मध्ये स्टार्मर सरकारला एकाच कामात किमान चार गुणांची अट घालायची होती. स्वपक्षाचेच खासदार उलटले, तेव्हा ती मागे घेतली गेली.

उत्पन्न तपासून मिळणाऱ्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या भत्त्यातली आजारपणाची रक्कम मात्र वाचली नाही. एप्रिल २०२६ पासून नव्या अर्जदारांना ती आठवड्याला ९७ पौंडांऐवजी सुमारे ५० पौंड. मरणाच्या दारातल्यांना आणि ज्यांचा गंभीर आजार आयुष्यभर हटणार नाही त्यांना यातून वगळलं, हे योग्यच. पण तरुण रुग्णांतले अनेक या दोन्हींत बसत नाहीत. उपचार चालू आहेत, कदाचित वर्षा-दोन वर्षांत बरे होतील. आशा आहे म्हणूनच त्यांचे पैसे कमी! डॉक्टरने दिलेली चांगली बातमी भत्त्याच्या अर्जावर नडते.

बाविशीच्या आतल्यांना ही रक्कम देऊच नये, असाही प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये चर्चेला ठेवला होता. त्या वर्षीच्या कायद्यात तो आला नाही. त्यामागची काळजी खोटी नव्हती. शिक्षण नाही, नोकरी नाही, अशी लाखो तरुण मुलं तिथे आहेत. वाचलेला पैसा त्यांच्या प्रशिक्षणावर आणि रोजगारावर लावायचा होता. पण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला प्रशिक्षणाची जागा दिली, तरी तो खोलीचं भाडं कशातून भरणार होता?