रथात शेजारी बसलेला फिलिप



प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार आपल्याला भेटतो. यरुशलेमची यात्रा आटोपून तो रथातून घरी चालला होता आणि यशया प्रवक्त्याचा ग्रंथ मोठ्याने वाचत होता. फिलिप धावत रथाजवळ गेला. किती वाचून झाले, किती पाठ झाले, असे त्याने विचारले नाही. वाचलेले समजते आहे का, एवढीच त्याची चौकशी होती. खजिनदारही प्रांजळ माणूस. कुणी सांगितल्याशिवाय उमगणार नाही, हे त्याने कबूल केले आणि फिलिपला रथात आपल्याजवळ बसवून घेतले.

आपली मुले मिस्सेत पहिले वाचन खणखणीत आवाजात करतात. आईवडिलांचा ऊर भरून येतो, आणि तो यावाच. पण घरी गेल्यावर "काय वाचलेस, बाळा?" असे कितीजण विचारतात? घरात कादोडी किंवा वाडवळी, चर्चमध्ये मराठी, शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांतून आपल्या वसईच्या मुलांना वाट काढावी लागते. येशूने आपले जू घ्यायला सांगितले, हे इंग्रजीत ऐकून एखाद्या मुलाला अंड्यातला पिवळा बलक आठवतो, कारण इंग्रजीत दोन्ही शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखाच. आपल्याला हसू येते. पण त्याला मराठीत 'जू' म्हणून सांगितले तरी काय उपयोग? बैलजोडी त्याने पाहिलेलीच नाही. तेच आजोबांनी अंगणात दोन काठ्या घेऊन दाखवावे : दोन मानांवर एकच लाकूड, ओझे दोघांचे, पाऊलही दोघांचे. मग त्या मुलाला आपोआप प्रश्न पडतो की दुसरा बैल कोण? त्या प्रश्नाशी शुभवर्तमान सुरू होते.

संत ऑगस्टीन यांनी सुमारे इ.स. ३८९ मध्ये 'गुरूविषयी' हा ग्रंथ लिहिला. तो त्यांचा आणि त्यांचा मुलगा आदेओदातुस याचा संवाद आहे. मुलगा तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता. शब्द ही खूण आहे, आणि जिची खूण ती वस्तूच ठाऊक नसेल तर शब्द म्हणजे नुसता आवाज, असा त्यांचा विचार. खरा गुरू ख्रिस्त अंतःकरणात शिकवतो, बाहेरचा शिक्षक फक्त तिकडे बोट दाखवतो. आम्हा धर्मगुरूंना सेमिनरीत हा ग्रंथ तत्त्वज्ञान म्हणून शिकवतात. खरे तर तो प्रत्येक बापाने वाचावा. मुलगा अडखळतो, चुकतो, पुन्हा सांगतो, आणि एवढा विद्वान बाप त्याला बोलू देतो.

"आम्ही फारसे शिकलेलो नाही, फादर," असे पालक म्हणतात. त्यासाठी पदवी लागत नाही. मुलाने वाचलेला उतारा त्याला घरच्या बोलीत सांगायला लावा. सांगता आला तर समजला. जिथे अडला तिथेच अडचण आहे, आणि फिलिपनेही खजिनदार वाचत होता त्याच उताऱ्यापासून सुरुवात केली होती. शाळेच्या धड्यालाही हेच लागू आहे. गाईडमधले उत्तर पाठ केल्याने गुण मिळतील, पण प्रश्न विचारण्याची सवय मोडेल. प्रवक्ता स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कुणाविषयी, असे त्या खजिनदाराने विचारले. असा प्रश्न आपल्या मुलीने विचारला तर "मुकाट्याने वाच" म्हणून तिला गप्प करू नका. आठव्या वर्षी गप्प केलेले मूल अठराव्या वर्षी आपल्याशी वादही घालत नाही, नुसते चर्चला येईनासे होते.

या आठवड्यात रात्रीच्या रोझरीनंतर पुढच्या रविवारचे शुभवर्तमान मुलांकडून वाचून घ्या आणि पाच मिनिटे त्यांच्या शेजारी बसा. ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला देता येणार नाही तो मुलाच्याच अक्षरात चिठ्ठीवर लिहून धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठवा. वर्गाची पहिली दहा मिनिटे आपण त्या चिठ्ठ्यांसाठी ठेवली आहेत.