आधी पालथा कर, मग वाच

ऊठ. तो डबा घेऊन पुढे ये आणि टेबलावर ठेव. सगळ्यांना दिसू दे.

दिवा लागत नाही ना? कसा लागेल! धुळ्याहून जुना राऊटर विकत आणलास, एसटीत मांडीवर सांभाळत साक्रीपर्यंत पोहोचवलास, आणि त्याच्या पोटाखालचं लेबल मात्र एकदाही वाचलं नाहीस. ‘टीपी-लिंक ८४१एन आहे सर, ओपनडब्ल्यूआरटीचं खुलं फर्मवेअर चालतं त्यावर, पाहिलं मी.’ काय पाहिलंस? नाव पाहिलंस. अरे, साक्री तालुक्यात पाटील किती? ‘पाटलांकडे जायचंय’ एवढंच म्हणून बसमधून उतर, बघू कोणाच्या ओट्यावर पोहोचतोस ते.

उलट कर तो डबा. बारीक अक्षरांत काय छापलंय? मोठ्याने वाच. ‘व्हर्जन १४’. आणि तू फाइल कोणती उतरवून चढवलीस? १३ ची! १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम. १४ मध्ये ४ आणि ३२. नंबर पुढे गेला आणि माल निम्म्यावर आला. नवं म्हणजे सरस, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी तर नाही. ओपनडब्ल्यूआरटीने सप्टेंबर २०२१ च्या २१.०२ आवृत्तीपासून किमान अटच ८ आणि ६४ ची केली. म्हणजे तू विकत घेतलास तेव्हाच हा डबा या कामातून बाद होता. पुढच्या वेळी १६ आणि १२८ च्या खालचा घेऊ नकोस. ८-६४ वाला आता कसाबसाच तग धरतो.

मागच्या बाकावर हसतोय कोण? तुझं काही वेगळं नाही, बस गप्प.

नुसतं नाव बघून घ्यायची ही खोड आजची नाही. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरमध्ये लिनक्स होतं. लिनक्सच्या जीपीएल परवान्यामुळे कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला, त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आणि त्याच राऊटरची पाचवी आवृत्ती आली २००५ मध्ये: फ्लॅश ४ वरून २, रॅम १६ वरून ८, लिनक्स जाऊन व्हीएक्सवर्क्स. बाहेरून डबा तोच, निळा-काळा. तेव्हाही लोक पेटीवरचं नाव बघून फसले. वीस वर्षं झाली, अजून तेच.

ओपनडब्ल्यूआरटीचा यंत्रांचा तक्ता फुकट आहे, सगळ्यांना खुला आहे. त्यात मॉडेलच्या प्रत्येक व्हर्जनला वेगळी ओळ असते. नाव जुळलं की उडी मारू नका, ओळ शेवटपर्यंत वाचा. सध्याचं रिलीज त्या व्हर्जनवर चालतं का? काय चालत नाही, त्याचाही रकाना असतो. तिथे वायफायच लिहिलेलं असतं कधी कधी! ब्रॉडकॉमची चिप असली की बहुतेक वेळा खुला ड्रायव्हर नसतो. मग राऊटर चालू होतो, वायफाय मुकं. आणि घरी फायबरवाल्याने बसवून दिलेल्या ओएनटीला, म्हणजे फायबर जिथे संपतो त्या डब्याला, तर हात लावायचा नाही. तो त्यांच्या मालकीचा. त्याच्या मागे आपला राऊटर लावा आणि त्यावर काय हवे ते प्रयोग करा.

पहिल्यांदा चढवताना ‘फॅक्टरी’ फाइल, आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तर ‘सिसअपग्रेड’. फाइलचा शा-२५६ चेकसम जुळवल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. आणि फ्लॅशिंग इन्व्हर्टरवर करा रे! ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या गरगरतात, शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तरी आपल्याकडे वीज कधी दगा देईल त्याचा नेम नाही. लिहिता लिहिता वीज गेली की मेलाच डबा.

मी ‘जमेल का?’ विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर: ‘व्हई जाई, सर.’ होऊन जात नाही. वाचलं तर होतं.

हा राऊटर फेकायचा नाही. शनिवारी उघडू, सिरियलची तार जोडू आणि बूटलोडर जिवंत आहे का बघू; जिवंत असला तर कंपनीचं मूळ १४ चं फर्मवेअर परत चढवू. नसला तर क्लिप लावून चिप लिहायची, आणि ते काम तूच करशील.

बाकीच्यांनी उद्या घरच्या राऊटरचं मॉडेल, व्हर्जन, चिप, फ्लॅश, रॅम आणि तक्त्यातली ओळ वहीत उतरवून आणायची. ज्याच्या वहीत व्हर्जन नसेल, त्याने वर्गात येऊ नये.