पराशा वायेरा: देव थांबेल



या आठवड्याची पराशा वायेरा, बेरेशीथचा 18वा अध्याय. भर दुपारी अव्राहाम तंबूच्या दारात बसलाय. देव त्याला दर्शन देतोय, तेवढ्यात तीन वाटसरू दिसतात. अव्राहाम उठून त्यांच्याकडे धावतो. म्हणतो 'थोडी भाकर आणतो', आणि साराच्या हातच्या भाकरीबरोबर लोणी, दूध, वासराचं मटण असं सगळं वाढतो.

सुकोथनंतर आम्ही सगळे बोरिवलीहून अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या खडकापाशी नवस फेडायला गेलो. आईने पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची कालवून मलिदा केला. प्रार्थना सुरू झाली आणि आई मधूनच उठली. रिक्षावाले काका ऑक्टोबरच्या उन्हात उभे होते. त्यांना सावलीत बसवून पाणी दिलं.

मी चिडलो, "आई, प्रार्थना चाललीये ना!"

"त्यांचा घसा सुकलाय. देव थांबेल."

तेव्हा पटलं नाही. पण तलमूद अव्राहामाच्या याच प्रसंगावरून सांगतो, की पाहुण्याचं स्वागत हे शेखीनेच्या दर्शनापेक्षाही मोठं. आई तलमूद कधी शिकली नाही, तिने फक्त ऊन बघितलं.

या शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायच्या गडबडीत पार्सलवाला दारात आला, तर आधी त्याला पाणी विचारा.

शब्बाथ शालोम!